एक चिंचोका राहू द्या

आमच्या ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रातून, इतक्या वर्षांत कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे, गॉजचे गठ्ठे असं बरंच काही वाफाळून निघालं आहे. एकदा मात्र त्यातून कापडी पुरचुंडीत बांधलेले मूठभर चिंचोके निघाले. आत मीच घातले होते, कारण दुसरा इलाज नव्हता. सरांना चिंचोक्यांशिवाय विचार करता येत नसे, आणि त्यांच्या खिशातली कुठलीही वस्तू मी माझ्या सर्जिकल वॉर्डात फिरू देणार नव्हते. आधी त्यांना सांगितलं, घरून उकळून आणा. त्यांनी आणले, तर सगळे फुगून तडकलेले. मग म्हटलं द्या इकडे, कात्र्यांबरोबर टाकते.

हे सर माझे शिक्षक नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेले, अंबरनाथ पूर्वेला राहणारे, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. उल्हासनगरच्या आमच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कमिटी आहे. पेशंट जो आजार घेऊन आला तो बरा होऊन जावा, आमच्याकडचा नवा घेऊन जाऊ नये, एवढंच या कमिटीने बघायचं. मी तिची नर्स. म्हणजे दिवसभर लहानथोरांना ‘हात धुवा’ म्हणून सांगायचं आणि त्याबद्दल कुणाचंच आवडतं व्हायचं नाही. सर या कमिटीवर बाहेरचे सभासद होते.

ते आले कसे, तर त्यांच्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडे झालं. भेटायच्या वेळेत इतर नातेवाईक आत येऊन बेडवर बसतात आणि पेशंटचंच सफरचंद खातात. हे दारात उभे राहून आत-बाहेर करणाऱ्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, तक्रार करणार आहेत.

“काही हवंय का?” मी विचारलं.

“तुमचे लोक पेशंटला हात लावल्यानंतर हात धुतात,” ते म्हणाले, “लावण्याआधी कमी धुतात. स्वतःला जपतात. माणसाचा स्वभाव आहे, रागावू नका.”

मी रागावले, कारण ते खरं होतं.

आमचे मुख्य ट्रस्टी सिंधी आहेत, कापडाचे व्यापारी. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते राउंडला आले, सरांना दारात बघितलं आणि भर वॉर्डात त्यांच्या पाया पडले. “सिस्टर, या सरांनी मला दोनदा फेल केलं होतं,” त्यांनी मला अभिमानाने सांगितलं, “एकदम सही केलं. मला काहीच येत नव्हतं.” त्याच महिन्यात सर कमिटीवर आले.

‘नक्की’ हा शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. चहा घेणार का विचारलं तरी “बहुधा” म्हणत. चहा समोर आल्यावर पीत मात्र लगेच. रिक्षावाल्याला “स्टेशनला सोडशील का?” असं न विचारता “सोडण्याची शक्यता कितपत आहे?” असं विचारत, आणि तो अर्थातच निघून जाई. जेवताना डबा उघडण्याआधी आत काय असेल याचा अंदाज बांधायचा, हा रोजचा नेम. खिशातून चिंचोके काढून टेबलावर छोटे ढीग मांडायचे. इतके बटाट्याला, इतके फरसबीला, इतके उसळीला. मग झाकण काढायचं. काही कामासाठी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने मला सांगितलं, “एकदा मुद्दाम सोमवारी तिखट-मिठाचा सांजा दिला. त्यानंतर दोन महिने दर सोमवारी सांज्याच्या नावाने एक चिंचोका बाजूला ठेवत होते. मी शेवटी म्हटलं, परत नाही हो देणार. तर म्हणतात, तू नाही म्हणतेस म्हणून कमी करतो, पण संपवत नाही.”

त्या हसत होत्या, पण जरा थकलेल्याही वाटल्या. रोज आपल्या डब्यावर पैज लागलेली कुणाला सोसेल?

या खेळाला ते खेळ म्हणत नसत. त्यांची पद्धत अशी. कुठलाही प्रश्न आला की त्याची जी जी कारणं असू शकतात त्या प्रत्येकाची एक वाटी. मूठभर चिंचोके घ्यायचे आणि आपला ज्यावर जितका भरवसा तितके त्या वाटीत टाकायचे. नवीन काही कळलं की चिंचोके हलवायचे. ज्या वाटीशी ते जुळतं तिच्यात भर घालायची, जुळत नाही तिच्यातून काढायचे. चिंचोके नवीन आणायचे नाहीत, आहेत तेच फिरवायचे. आणि नियम एकच : कुठलीही वाटी पूर्ण रिकामी करायची नाही.

“का नाही?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“कारण रिकाम्या वाटीत पुढे कितीही पुरावा आला तरी भर पडत नाही, सिस्टर. एक असला की त्याचे दहा होतात. शून्याचं काहीच होत नाही. शून्य ठेवणं म्हणजे मी आता कुणाचं ऐकणार नाही असं जाहीर करणं.”

याला बेझियन पद्धत म्हणतात हे मला नंतर समजलं. वाट्यांचं काम झालं की तेच गणित ते लॅपटॉपवर करत. आजार कुणाकडून कुणाला गेला असेल याच्या हजारो गोष्टी तो लॅपटॉप आपल्या मनाने रचायचा. आमच्या वॉर्डात घडलेल्याशी जुळतील त्या ठेवायचा, बाकीच्या सोडून द्यायचा. ठेवलेल्या गोष्टींत सारखं सारखं कोण दिसतं ते बघायचं. “म्हणजे हजार खोटं बोलणारे साक्षीदार गोळा करायचे,” मी म्हटलं. सर खूश झाले. “आणि सगळ्यांच्या खोट्यात जे एकसारखं निघेल त्याच्याकडे लक्ष द्यायचं. तुम्हाला जमेल हे.” मला जमलं नाही, पण वाट्या जमल्या.

तर आता मुख्य गोष्ट.

आमच्या सर्जिकल वॉर्डात जखमा पिकायला लागल्या. हर्निया, अपेंडिक्स, साधीच ऑपरेशनं. टाके चांगले दिसायचे आणि मग ड्रेसिंग हिरवट ओलं, विशिष्ट गोडूस वास. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी मला वासानेच कळलं. ओलाव्यात राहणारा जंतू आहे तो. बेसिनमध्ये, बाटलीत, ओल्या फडक्यात, ओल्या हातात. पेशंट दगावला नाही कुणी, पण एका बाईची जखम परत उघडावी लागली आणि तिचा नवरा ऑफिसात येऊन ओरडून गेला.

जंतू ओलाव्यातला, म्हणून आधी पाणी तपासलं. वॉर्डातल्या सगळ्या नळांचे आणि गच्चीवरच्या टाकीचे नमुने गेले. सगळे स्वच्छ आले.

मग आमच्या तरुण डॉक्टरांनी ड्युट्यांचा तक्ता मांडला आणि त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं. सुमनमावशी.

वॉर्डात आया म्हणून काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना आम्ही मावशी म्हणतो. सुमनमावशी शहाडला राहायच्या, आमच्याकडे कंत्राटावर होत्या, तोंडाने फटकळ आणि कामाला पक्क्या. बादल्यांत हात घालून घालून त्यांच्या बोटांच्या बेचक्यात कायमच्या चिखल्या झालेल्या. ओलसर, भेगाळलेल्या. डॉक्टरांनी ती बोटं बघितली आणि त्यांचं ठरलंच. खरं सांगायचं तर वाईट विचार नव्हता तो. कुणीही तोच केला असता. बोटांचा नमुना घेतला त्यात काही आलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, नमुना घ्यायच्या आधी साबणाने खसाखसा धुतले असतील तर काय येणार?

मावशींना कळायचं ते कळलंच. मला औषधांच्या खोलीत गाठून म्हणाल्या, “सिस्टर, मला काढणार म्हणतात. काढा. पण ‘हिच्या हाताने जखमा सडतात’ असं म्हणून काढू नका. या लायनीत एका हॉस्पिटलातनं बोलणं बदलापूरपर्यंत जातं. मला भांडी घासायलापण कोण ठेवणार नाय मग.”

मी म्हटलं, अजून कुणी काढलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिच्यातच माझ्या वाक्याची किंमत कळली.

पहिली बैठक झाली तेव्हा सरांनी कॅन्टीनमधून चटणीच्या वाट्या मागवल्या. एक मावशींची, एक ऑपरेशन थिएटरची, एक ड्रेसिंगच्या सामानाची, एक पाण्याची. डॉक्टरांनी पाण्याची वाटी उचलून बाजूला ठेवली. “पाण्याचे रिपोर्ट क्लीन आहेत, सर. हा विषय संपला.”

सरांनी वाटी परत आणली आणि तिच्यात एक चिंचोका टाकला.

“रिपोर्ट चुकीचे आहेत म्हणता?”

“म्हणत नाही. ज्या दिवशी ज्या नळाचं पाणी घेतलं, ते स्वच्छ होतं एवढं मान्य. म्हणून तर एकच ठेवला.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मीसुद्धा मनात म्हटलं, हे आता लांबणार.

लांबलंच. सरांना प्रत्येक जखम नेमकी केव्हा बिघडली असेल ते हवं होतं. मी सांगितलं, बिघडल्याचं दिसतं ते उशिरा, सुरुवात कधी झाली ते कुणाला ठाऊक? तर म्हणाले, “दही खाल्लं की विरजण कधी लावलं असेल ते सांगता येतं ना? नेमकी वेळ नाही सांगता येत. उन्हाळा असेल तर अलीकडे, थंडी असेल तर पलीकडे. पण ‘काल दुपार ते संध्याकाळ’ असं तर म्हणता येतं. मला तेवढं पुरे.” मग प्रत्येक पेशंटसाठी त्यांनी कागदाची एक लांब पट्टी कापली. जिथे शक्यता जास्त तिथे पेन्सिलीने गडद, कडेला फिकट. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावून नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर पसरल्या. मला चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. पट्ट्यांवरचा गडद भाग आठवड्याच्या एकाच बाजूला येत होता. शुक्रवारच्या आसपास.

“शुक्रवारी तुमच्याकडे काय असतं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. रोजच्यासारखाच असतो.”

हे मी अगदी मनापासून सांगितलं. पुढे काय झालं ते याच्यामुळे झालं, म्हणून लिहिते. आमच्या या सगळ्या भागात, बदलापूरपासून खाली, शुक्रवारी पाणी बंद असतं ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते आहे. माझ्या शिरगावच्या घरी गुरुवारी संध्याकाळी मी न बोलता बादल्या भरते, शेजारीण न बोलता भरते. ‘शुक्रवारी काय असतं’ म्हटल्यावर ते डोक्यात येतच नाही. आणि सरांच्या बिल्डिंगला बोअरवेल होती. त्यांना पाणी बंद होतं हेच माहीत नव्हतं. बायकोला माहीत असेल. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून ती एरवी कुरकुरायची, एवढंच सरांना ठाऊक.

पुढच्याच शुक्रवारी ते दुपारी आले. कुणाचा तरी डिस्चार्ज होता, पेढे वाटले होते. सरांनी पेढा खाल्ला आणि हात धुवायला वॉर्डच्या बेसिनपाशी गेले. नळ सोडला. नळाने फक्त आवाज केला.

“सर, आज शुक्रवार,” मी टेबलावरूनच सांगितलं. “मागे ड्रममधलं घ्या.”

ड्रेसिंग रूमच्या मागे निळा प्लॅस्टिकचा ड्रम असतो. असा ड्रम आमच्याकडे कुणाच्या गॅलरीत नाही? कारखान्यातून रिकामे झालेले विकतात, धुऊन घ्यायचे. आमची गच्चीवरची टाकी लहान, तिसऱ्या मजल्याला शुक्रवारी दुपारनंतर तिचं पाणी पुरत नाही, म्हणून ड्रम. सर आत गेले आणि बाहेर येईनात. बघायला गेले तर हातात मग धरून तसेच उभे. पाणी खाली गेलेलं होतं, त्यामुळे मग भरायला त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला होता. बाही भिजली होती.

“सिस्टर, याचा तळ कधी कोरडा होतो का?”

“म्हणजे?”

“उरलेलं पाणी टाकून देता का, आणि मग नवीन भरता?”

“भरलेलं पाणी कोण टाकून देईल, सर?” मी म्हटलं. “वरून भरतो.”

म्हणता म्हणता मीच थांबले. आमच्याकडे साठवलेलं पाणी ओतून देणं म्हणजे पाप. आठवडाभर ते झाकणाखाली तसंच राहणार, त्यावर पुढच्या गुरुवारी नवीन पडणार, आणि शुक्रवारी सगळ्यांचे हात त्यात. मग बुडवताना थेट मनगटापर्यंत. ड्रम नळ नव्हता आणि टाकीही नव्हता, म्हणून त्याचा नमुना कधी गेलाच नव्हता. अडीअडचणीची वस्तू, कुठल्याच तपासणीत नाही.

आणि सुमनमावशी? ड्रम कमी पडला की खालून पाण्याचे कॅन वाहायचं काम म्हणून बाकीच्या मावश्या शुक्रवारची ड्युटी टाळायच्या. ती ठरलेली सुमनमावशींचीच. म्हणजे शुक्रवार आला की मावशी आल्या, ड्रम आला. तक्त्यात मावशी लिहिल्या होत्या, ड्रम लिहिलेला नव्हता.

सर टेबलाशी आले, पुरचुंडी सोडली आणि मावशींच्या वाटीतले चिंचोके काढून पाण्याच्या वाटीत टाकायला लागले. तो एक होता म्हणून, नाहीतर वाटीच नसती टेबलावर. डॉक्टर मागून बघत होते.

आता फक्त ड्रमचा नमुना पाठवायचा होता. नमुन्याच्या निर्जंतुक बाटल्या संपल्या होत्या, सकाळी येणार होत्या. सकाळी बाटली घेऊन गेले तर ड्रम जागेवर नाही. हाउसकीपिंगच्या नवीन सुपरवायझरने रात्रीच्या माणसांकडून ऐकलं होतं की ड्रमवर संशय आहे. भला माणूस. त्याने ड्रम रिकामा केला, ॲसिडने घासला आणि गच्चीवर उन्हात उलटा घातला. “एकदम चकाचक केला, सिस्टर,” म्हणाला. नमुना तरी घेतला. अर्थात स्वच्छ आला.

सर हसायला लागले. “पोलीस यायच्या आधी घर सारवून घेतलंत.”

मला हसू आलं नाही. पुरावा गेला होता आणि सोमवारी बैठक होती.

बैठकीला दादा, डॉक्टर, सर आणि मी. सुमनमावशींना बोलावलं नव्हतं, पण काचेच्या दाराबाहेर त्या पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होत्या. टेबलावर वाट्या मांडलेल्या. पाण्याची भरलेली, मावशींच्या वाटीत एक.

“सर, मला डोक्याला ताप नको,” दादा म्हणाले. “एकच सांगा. मावशीमुळे झालं की नाही? हां या ना?”

“बहुधा नाही.”

“बहुधा क्या, सर! मला कागदावर लिहायचंय.”

“मग बहुधा लिहा.”

डॉक्टर पुढे सरकले. त्यांचं बोलणं साधं होतं. ड्रम काढा आणि मावशींनाही काढा. दोन्ही शक्यता संपल्या. पेशंटचा विचार आधी. “सर स्वतः एक चिंचोका ठेवतायत, म्हणजे चान्स आहे. चान्स असताना त्यांना जखमांजवळ कसं ठेवायचं?”

दादांनी मान हलवली. मी सरांकडे वाकून हळूच म्हटलं, “सर, सरळ ‘नाही’ म्हणा ना. एका शब्दाचा प्रश्न आहे. बाईचं पोट आहे त्यावर.”

“आणि उद्या तुम्ही मला सांगाल, सरळ ‘हो’ म्हणा,” ते तितक्याच हळू म्हणाले. “आज सोयीने शून्य केलं तर उद्या माझ्या चिंचोक्यांना कोण विचारणार?”

त्या क्षणी मला त्या माणसाचा मनापासून राग आला. दारापलीकडे फरशी पुसायचा आवाज थांबला होता.

सर उठले आणि कॅन्टीनला फोन करून आणखी वाट्या मागवल्या. त्या आल्या. सरांनी एक वाटी डॉक्टरांसमोर ठेवली.

“डॉक्टर, शुक्रवारी ड्रेसिंग तुम्ही करता. दुपारनंतर हात कुठे धुता?”

“ड्रममध्ये,” डॉक्टर म्हणाले. “ग्लोव्ह्ज घालतो वरून.”

“घालता, म्हणून थोडेच.” पाण्याच्या वाटीतले दोन-तीन चिंचोके त्यांच्या वाटीत पडले. मग एक वाटी माझ्यासमोर. “सिस्टर, तुम्हीही तिथेच धुता.” एक. मग दादांसमोर. “तुम्ही राउंडला येता आणि पेशंटच्या पोटावर हात ठेवून ‘कैसा है’ विचारता. मी बघितलंय.” एक. शेवटची वाटी स्वतःपुढे. “आणि मी पेढा खाऊन मनगटापर्यंत हात घातला होता.” एक टाकला, विचार केला, आणखी एक टाकला.

मग खाली बसले. “आता डॉक्टरांच्या नियमाने चला. ज्याच्या वाटीत चिंचोका आहे त्याला काढून टाकायचं. मग वॉर्डात पेशंटच राहतील, आपसांत एकमेकांचं ड्रेसिंग करतील.”

दादा वाट्यांकडे बघत राहिले. आपल्या वाटीतला तो एक त्यांनी बोटाने हलवून पाहिला. मग मोठ्याने हसले. “सर, तुम्ही मला परत फेल केलं.”

डॉक्टर हसले नाहीत, पण म्हणाले, “ठीक आहे. ड्रम जाईल. मावशी राहतील. पण परत एक जरी जखम पिकली तर?”

“तर सगळे चिंचोके पुन्हा हलवू. तेव्हा माझेच हात आधी तपासा,” सर म्हणाले.

ड्रम गेला, त्यातला मगही गेला. तोटी असलेली पाण्याची टाकी आली, जी दर गुरुवारी पूर्ण रिकामी करून घासायची. पहिल्यांदा ते पाणी मोरीत सोडताना माझाही हात अडखळला, सांगून ठेवते. मावशींच्या बोटांना मलम, सगळ्यांना हातमोजे; त्याने हिशेब थोडा गढूळ होईल हे सरांनी मान्य केलं. शुक्रवारची ड्युटी मुद्दाम मावशींचीच ठेवली. नाहीतर काय बदलल्यामुळे काय झालं ते कधीच कळलं नसतं. आणि वाट पाहायच्या आधी सरांनी प्रत्येकाकडून वेगळ्या वाट्यांत आपापले चिंचोके मांडून घेतले आणि वाट्या माझ्या कपाटात कुलुपात ठेवल्या, म्हणजे मागाहून ‘मला आधीच वाटत होतं’ असं कुणी म्हणायला नको. डॉक्टरांनी तेव्हाही मावशींच्या वाटीत चांगले घसघशीत टाकले होते. मला ते आवडलं. मनात होतं ते टाकलं.

शुक्रवार आले आणि गेले. नवीन जखम पिकली नाही. दर बैठकीला डॉक्टर आपल्याच हाताने मावशींच्या वाटीतले काढत गेले. शेवटी एक उरला, तोही काढायला लागले तर सरांनी त्यांचं मनगट धरलं. “तो राहू द्या.”

असं सगळं नीट झालं. मावशी कामावर राहिल्या, त्यांच्या नावाला कुणी बोल लावला नाही. आता त्यांनी सरांचे आभार मानले असतील असं वाटेल. मावशींनी सरांशी बोलणंच टाकलं. सर बैठकीला आले की मावशी सगळ्यांना चहा आणायच्या, सरांचा आणायच्या नाहीत. मी मावशींना बाजूला घेतलं.

“मावशी, त्यांच्यामुळे तुम्ही आहात इथे.”

“माहितीय ओ. पण एक ठेवलाच ना माझ्या नावाचा.”

“सगळ्यांच्या नावाचा ठेवला. माझ्या, दादांच्या. स्वतःच्या वाटीत तर दोन टाकले.”

“तुमचं काय जातंय, सिस्टर?” मावशी म्हणाल्या. “दादांना कोण काढणार? सरांना कोण काढणार? त्यांच्या दोनाला काय होणार नाय. माझ्या एकाने चूल बंद होईल.”

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “हे मात्र मी धरलं नव्हतं.” वाटीतला चिंचोका मात्र त्यांनी काढला नाही. दोन्ही गोष्टी मला त्यांच्यासारख्याच वाटल्या.

गेल्या वर्षी सर आमच्याच वॉर्डात दाखल झाले. हर्निया. ऑपरेशन चांगलं झालं, पण पेशंट म्हणून ते अत्यंत त्रासदायक निघाले. हात लावायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघायचे. डबा घेऊन त्यांची बायको यायची आणि मला हळूच विचारायची, “इथेच आणखी चार दिवस ठेवता येतील का?” तिसऱ्या की चौथ्या दिवशी, पट्टी उघडून जखम बघायची होती त्या सकाळी, सर आपल्या पट्टीकडेच बघत होते. सुमनमावशी बेडखाली पोछा मारत होत्या.

“मावशी,” सर एकदम म्हणाले, “तुम्ही इतक्या जखमा बघितल्यात. माझी पिकेल का?”

इतक्या काळात सरांनी मावशींना थेट काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मावशींनी पोछा भिंतीला टेकवला. “सिस्टर, ती पुरचुंडी द्या जरा.”

मी कपाटातून काढून दिली. मावशी बेसिनवर गेल्या आणि सरांना दिसेल असे हात धुतले. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं, सगळं. चिखल्या कधीच भरून आल्या होत्या. मग बेडवरच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. “ही घरी जायची. ही पिकायची.” आणि सगळीच्या सगळी मूठ पहिल्या वाटीत रिकामी केली.

सरांनी दुसऱ्या वाटीकडे बघितलं. मग मावशींकडे. पुन्हा वाटीकडे. त्यांना ते बघवेना.

“मावशी…”

“काय? टोचतंय का कुठे?”

“नाही. पण ती वाटी…”

मावशींनी त्यांना तसंच थोडं राहू दिलं. मग पहिल्या वाटीतला एक चिंचोका उचलला आणि दुसऱ्या वाटीत टाकला. स्टीलमध्ये त्याचा टण् असा आवाज झाला. “हा तुमच्या नावाचा,” म्हणाल्या, आणि बादली उचलून पुढच्या बेडकडे गेल्या.

मी ट्रॉली घेऊन आले, पट्टी काढली. जखम स्वच्छ होती, कोरडी, कडा छान जुळलेल्या. मी तसं सांगितलं. सरांचं लक्ष नव्हतं. भरलेली वाटी त्यांनी बघितलीही नव्हती.

“सिस्टर,” ते म्हणाले, “एकटा असला की फार मोठा दिसतो हो.”

मी नवीन पट्टी लावली आणि टेबल आवरायला घेतलं. ती वाटी त्यांनी मला उचलू दिली नाही. थोड्या वेळाने मावशी चहा घेऊन आल्या. सगळ्यांचा आणला होता, सरांचाही.